माझ्या हातून ग्लास फुटला

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात बी विंगमधील एका सभासदाच्या मुलीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



सेक्रेटरीकाकांनी मला विषय दिला, 'परदेशातील शिक्षण : माझे अनुभव'. वर असंही म्हणाले, "पंधरा मिनिटं बोल आणि मुलांना स्फूर्ती मिळेल असं बोल." स्फूर्तीची खात्री मी देत नाही. पण एक हिशेब आधी सांगते, कारण तो आपल्या सोसायटीच्या दप्तरात नोंदलेला आहे.

2023 साली मी स्पेनला सालामांका विद्यापीठात शिकायला गेले. त्यासाठी अकरा लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते, आणि आमच्याकडे तारण म्हणजे एकच, हा फ्लॅट. त्यासाठी सोसायटीचा ना हरकत दाखला लागतो, शेअर सर्टिफिकेट बँकेत जातं आणि सोसायटीच्या रजिस्टरात बोज्याची नोंद होते. कमिटीची मासिक सभा वीस दिवसांनी होती आणि माझी व्हिसाची तारीख त्याच्या आधी. तेव्हा कमिटीने रविवारी सकाळी तातडीची सभा घेऊन ठराव केला. मी जिन्यात उभी होते. आतून कुणीतरी विचारलेलं मला ऐकू आलं, "पण स्पॅनिश शिकून करणार काय ही?" प्रश्न बरोबर होता. दाखला मात्र त्याच दिवशी मिळाला.

आता स्पॅनिशच का. खरं सांगायचं तर पहिलं कारण फार थोर नव्हतं. बी.कॉम. करताना मैत्रिणीने क्लास लावला म्हणून मी लावला. मग भाषा आवडली. वीस देशांत ती राज्यकारभाराची भाषा आहे, तेव्हा ती शिकवणाऱ्यालाही काम मिळेल असा हिशेब घातला. तिकडे परीक्षेच्या सहा पायऱ्या असतात, ए-वनपासून सी-टूपर्यंत. मी चौथी पायरी, म्हणजे बी-टू, इथे पुण्यात बसून ओलांडली. आणि सालामांकात स्पॅनिश ही परकी भाषा म्हणून कशी शिकवावी याचा एक वर्षाचा मास्टर्सचा अभ्यासक्रम आहे, तिथे अर्ज केला.

हे विद्यापीठ 1218 सालचं. आपली ज्ञानेश्वरी 1290 ची, म्हणजे माउलींच्या बहात्तर वर्षं आधीपासून तिथे वर्ग भरतायत. गावातल्या जुन्या इमारती सोनेरी रंगाच्या वालुकाश्माच्या आहेत, संध्याकाळचं ऊन पडलं की गाव हळदीसारखं दिसतं. विद्यापीठाच्या जुन्या दर्शनी भिंतीवर इतकं कोरीवकाम आहे की डोळे फिरतात. त्यात एका कवटीवर बसलेला छोटासा बेडूक आहे. ज्या विद्यार्थ्याला तो स्वतःचा स्वतः सापडतो तो परीक्षेत पास होतो अशी तिथली समजूत. मला तो तिसऱ्याच दिवशी सापडला. मी फोटो काढून आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता, काहींना आठवत असेल. साठ-सत्तर अंगठे आले होते.

पुढचं मात्र मी ग्रुपवर टाकलं नव्हतं. ते आज सांगते.

मी गार्रीदो नावाच्या साध्या वस्तीत एका बाईंच्या घरी खोली घेऊन राहिले. बाई सत्तरी ओलांडलेल्या, यजमान वारलेले, मुलगा माद्रिदला. पहिल्या आठवड्यातच माझं नाव बदललं. तिकडे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांचं आणि एक आईचं, आणि बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. (काकू मंडळींमध्ये चुळबुळ झाली, दिसलं मला.) आपल्या पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. फॉर्मवर पहिलं आडनाव आणि दुसरं आडनाव अशा दोनच जागा, त्यामुळे बाबांचं नाव हे माझं पहिलं आडनाव झालं. वर्षभर मला सरकारी कचेरीत आणि दवाखान्यात बाबांच्या नावाने हाक मारायचे. पहिल्यांदा मी मागे वळून पाहिलं होतं, बाबा आले की काय म्हणून.

असे विनोद पुष्कळ झाले. थंडी सुरू झाली तेव्हा बाईंनी शेजारणीला माझ्यासमोर सांगितलं की ही 'कोन्स्तिपादा' आहे. माझ्या इंग्रजी कानाने त्याचा अर्थ बद्धकोष्ठ असा लावला आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ही गोष्ट यांना कळली कशी आणि जिन्यात सांगायची काय? त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पोरीला सर्दी झालीय. स्पेनमध्ये त्या शब्दाचा अर्थ सर्दी. बाजारात मी एक किलो 'बातातास' मागितले, तर बाईने रताळी दिली. आपला बटाटा पोर्तुगीजांकडून आला, पण मुळात तो शब्द कॅरिबियन बेटांवरचा आणि रताळ्याचाच. तिकडे रताळं बातातावर राहिलं आणि बटाट्याचं 'पाताता' झालं. 'पागार' म्हणजे पैसे देणे, 'पान' म्हणजे पाव आणि 'याबे' म्हणजे चावी. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी, त्यामुळे गोव्यामार्गे आपल्याकडे आलेले शब्द मला तिथे दुसऱ्या कपड्यांत भेटत होते.

पण वर्गात हे विनोद उपयोगी नव्हते. वर्गात स्पॅनिश मुलं, इटालियन, बऱ्याच चिनी मुली. इटालियन बोलायला लागले की स्पॅनिश लोकांना वाटायचं आपलाच कुणी भाऊ बोलतोय. मी मनात वाक्य तयार करेपर्यंत चर्चा पुढच्या मुद्द्यावर गेलेली असायची. मी आधी इंग्रजीत वाक्य जुळवायचे, मग त्याचं स्पॅनिश करायचे, मग व्याकरण तपासायचे, मग तोंड उघडायचे. तोपर्यंत तास संपायचा. एका सादरीकरणात मला 'पण' म्हणायचं होतं, 'पेरो'. घाबरून र जरा जास्त घोळला गेला आणि झालं 'पेर्रो', म्हणजे कुत्रा. एकदा नाही, चार वेळा. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

नोव्हेंबरात मी वर्गात बोलणंच बंद केलं. पहिल्या लेखी कामाला 4.2 गुण मिळाले, दहापैकी. पाचाला पास. बेडूक बेडकाच्या जागी आणि मी माझ्या.

त्या दिवसांत मी रात्री हप्त्यांचा हिशेब मांडत बसायचे. नापास झाले तर काय, एक वर्ष वाढलं तर काय, आणि ते रजिस्टर, ती बोज्याची नोंद. आईला फोनवर मात्र "मस्त चाललंय" म्हणायचे. हिवाळ्यात आपल्यात आणि स्पेनमध्ये साडेचार तासांचं अंतर. तिकडे रात्रीचं जेवण साडेनऊला, म्हणजे इथे पहाटेचे दोन. माझं जेवण झालं हे कळेपर्यंत आई जागी राहायची, आणि मी तिला जेवणाचा फोटो पाठवायचे. फोटोत ताट असायचं. जेवलेली असायचेच असं नाही.

शेवटी बाबांना सांगितलं, 4.2 मिळाले म्हणून. आमचे बाबा वीजमंडळातून निवृत्त झालेले, मीटरचे आकडे बघण्यात आयुष्य गेलं. ते म्हणाले, "दहापैकी ना? मग अजून पाच पूर्णांक आठ शिल्लक आहेत." फ्लॅटचा विषय त्यांनी काढला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

आता ग्लासाची गोष्ट. डिसेंबरातली. भांडी विसळताना माझ्या हातातून बाईंचा ग्लास पडून फुटला. साधा नव्हता, त्यांच्या लग्नातल्या सेटमधला होता. मी घाबरून इंग्रजीवरून केलेलं शुद्ध वाक्य म्हटलं, "मी ग्लास फोडला." व्याकरणात चूक नव्हती. बाई काच गोळा करता करता म्हणाल्या, "नो, इखा. से ते आ रोतो."

इखा म्हणजे मुली. आणि पुढच्या वाक्याचा शब्दशः अर्थ बघा : ग्लास तुला फुटला. म्हणजे तू फोडला नाहीस, तुझ्या हातून फुटला.

मी तशीच ओल्या हातांनी उभी राहिले. तुझ्या हातून फुटला! हे इंग्रजीत नीट म्हणताच येत नाही. हे तर आपलं वाक्य आहे. लहानपणी कपबशी फुटली की आपण हेच म्हणायचो, "आई, माझ्या हातून फुटली." म्हणजे झालंय माझ्याकडून, पण मी मुद्दाम केलेलं नाही. दोष आहे, पण पाप नाही. किल्ली विसरली, पैसे हरवले, दूध उतू गेलं, अशा ठिकाणी स्पॅनिश माणूस हीच रचना वापरतो. मी तीन वर्षं ती रचना इंग्रजीतून घोकत होते आणि दर वेळी चुकत होते.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. कॉलेजात गेल्यावर त्याची इतकी लाज वाटायची की स्पॅनिशच्या क्लासमध्ये मी वहीत मराठीत एक अक्षर लिहायचे नाही. पहिल्याच महिन्यात बाईंनी शिकवलं, 'मे गुस्ता एल ते', आय लाइक टी. सगळा वर्ग गोंधळला, कारण इंग्रजीत 'मी' कर्ता आणि इथे चहा कर्ता. मीही गोंधळल्याचं दाखवलं. अहो, गोंधळायचं काय त्यात? मला चहा आवडतो! 'मे' म्हणजे मला, 'गुस्ता' म्हणजे आवडतो. एकाहून जास्त आंबे असले की 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. मला हे तेव्हाही दिसत होतं. पण हात वर करून "मॅडम, मराठीत असंच आहे" म्हणायची माझी छाती झाली नाही.

त्या रात्री मी एक नवी वही काढली. एका बाजूला स्पॅनिश, दुसऱ्या बाजूला मराठी, मध्ये इंग्रजी नाही. 'लहानपणी मी मामाकडे जायचे' आणि 'गेल्या मे महिन्यात मी मामाकडे गेले', यात जो फरक आहे त्यासाठी स्पॅनिशमध्ये दोन वेगळे भूतकाळ आहेत, आणि परदेशी विद्यार्थी त्यापायी रडकुंडीला येतात. आपलं तीन वर्षांचं पोरही त्यात चुकत नाही. 'तू यावंस असं मला वाटतं', यातलं 'यावंस' म्हणजे त्यांचं ते भीतिदायक सब्जंक्टिव्ह, निदान त्याचा मोठा भाग. टेबल स्त्रीलिंगी का, असा प्रश्न मराठी माणसाने विचारूच नये, आपल्याकडे खुर्ची 'ती', पलंग 'तो' आणि कपाट 'ते' आहे. त्यांच्याकडे नपुंसकलिंगी नाम नाही, म्हणजे एक कटकट कमीच. त, द यांचे उच्चार दातांवर, आपल्यासारखेच. आणि तो घोळवायचा र? टर्रकन फाटलं, सर्रकन गेला, काळजात चर्र झालं! आपण तो रोज म्हणतो. मी आरशासमोर उभी राहून 'टर्रकन, सर्रकन, पेर्रो' म्हणायचे. बाईंना वाटलं मी मंत्र म्हणते.

सगळं जुळतं असं मात्र नाही, तेही सांगते. आपल्या एका 'आहे' साठी त्यांच्याकडे दोन क्रियापदं आहेत आणि त्यात मी आजही अडखळते. मला कंटाळा आलाय, असं सांगायला गेले आणि 'मी कंटाळवाणी आहे' असं सांगून बसले होते. बाई म्हणाल्या, "थोडीशी."

वागण्यातही तेच झालं. इंग्रजी पुस्तकं वाचून मी हॉटेलात जायचे आणि "कृपया मला एक कॉफी मिळू शकेल का" अशा अर्थाचं लांबलचक वाक्य म्हणायचे. वेटर तोंडाकडे बघत राहायचा. तिथला माणूस सरळ म्हणतो, 'पोन्मे उन काफे', मला एक कॉफी दे. उद्धटपणा नाही. आपणही टपरीवर "दोन कटिंग द्या" म्हणतो, कृपया म्हणत नाही. बाईंना काय म्हणायचं हाही पेच होता. त्यांच्याकडेही तू आणि तुम्ही आहे, 'तू' आणि 'उस्तेद'. सत्तरीच्या बाईला तू कसं म्हणायचं, म्हणून मी महिनाभर उस्तेद, उस्तेद. त्या चिडायच्या, "मी काय बँकेची मॅनेजर आहे?" मग लक्षात आलं, आजीला आपण कुठे अहो-जाहो करतो? "अगं आजी" असंच म्हणतो. त्या दिवसापासून त्यांना तू म्हणताना जीभ अडली नाही. मी मांस खात नाही हे सांगितल्यावरही त्या माझ्या मसुरात सॉसेजचे तुकडे घालायच्या, "चवीपुरते" म्हणून. आमच्यातलं ते युद्ध शेवटपर्यंत चाललं. निकाल लागला नाही.

दुसऱ्या सत्रात मी वर्गात हात वर केला. 'मे गुस्ता' कसं शिकवावं यावर चर्चा चालली होती, म्हटलं, माझ्या भाषेत हे शिकवावंच लागत नाही. प्राध्यापकांनी विचारलं, कोणती भाषा? हिंदी का? मी म्हटलं, मराठी. फळ्यावर देवनागरीत लिहिलं, 'मला आंबे आवडतात', आणि खाली बाण काढून दाखवले. ही पाचशे वर्षांपूर्वी नेब्रिखाची जागा. 1492 साली स्पॅनिशचं पहिलं व्याकरण छापलं ते याच सालामांकात. तिथल्या फळ्यावर 'मला आंबे आवडतात' असं लिहिलं आणि माझे हात थरथरत होते. नंतर शेवटचा प्रबंधही त्यावरच केला, मराठी बोलणाऱ्यांना स्पॅनिश मराठीवरून कसं शिकवता येईल. जुलैत तीन परीक्षकांसमोर त्याचं सादरीकरण झालं. 8.5 मिळाले. बाबांना फोन केला, तर म्हणाले, "दीड कुठे गेला?"

आता आपल्या सोसायटीतून यंदा तीन मुलं बाहेर चालली आहेत, दोन जर्मनीला, एक कॅनडाला. त्यांच्या आईवडिलांसाठी दोन गोष्टी. तिकडे गेल्यावर आपल्या लोकांत अजिबात राहू नकोस, भाषा येणार नाही, असं सगळे सांगतात. मी सांगणार नाही. मी दर रविवारी एका गुजराती आणि एका दिल्लीच्या मुलीबरोबर खिचडी खायचे, आणि नोव्हेंबरात त्या खिचडीनेच मला टिकवलं. सोमवारी पुन्हा गर्दीत जायचं, एवढं पाळलं म्हणजे झालं. आणि दुसरं, मूल फोनवर सारखं "मस्त" म्हणत असेल तर ताटाचा फोटो मागू नका. काय बिघडलं ते विचारा. मार्क कमी आहेत हे सांगायला मला तीन आठवडे लागले.

जिन्यात ऐकलेल्या प्रश्नाचं उत्तरही देऊन टाकते. सध्या मी एका कंपनीत मेक्सिको आणि कोलंबियाच्या ग्राहकांशी बोलण्याचं काम करते, आणि संध्याकाळी स्पॅनिश शिकवते. हप्ते त्यातून जातात. बोज्याची नोंद अजून रजिस्टरात आहे, काही वर्षं राहील. येत्या महिन्यापासून रविवारी सकाळी दहाला आपल्या क्लब हाऊसमध्ये मुलांना स्पॅनिश शिकवावं असं मनात आहे, सोसायटीच्या मुलांना फी नाही. कमिटीने फक्त ते दोन मोडके बाक दुरुस्त करून द्यावेत. वही आणायची, उजवं पान मराठीसाठी कोरं ठेवायचं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनी घरी आजीकडून मराठी वाक्यं लिहून आणली तरी चालेल.

बाईंचा फोन दर महिन्याला येतो. मागच्या वेळी सांगत होत्या, नवा भाडेकरू कोरियाचा आहे, ग्लास अजून एकही फुटलेला नाही, आणि घर फार शांत आहे.

ए विंगचे काका मघापासून हात वर करून बसलेत. त्यांचा प्रश्न घेते. बोला काका.